ना दहा इंची, ना चोवीस इंची: छोट्या सुतारशाळेसाठी बँडसॉ निवडताना

पत्र : कुडाळजवळ १५ बाय २० फुटांच्या शेडमध्ये आमची सुतारशाळा आहे. साग, फणस आणि आंबा या लाकडांत पाट, स्टूल, खुर्च्या, चॉपिंग बोर्ड करतो. १० इंची टेबल सॉ आणि प्लेनर आहे. आता खुर्च्यांचे वळणदार पाय कापायला आणि ७-८ इंच रुंद फळ्या उभ्या चिरून पातळ फळ्या काढायला बँडसॉ घ्यायचा आहे. वीज सिंगल फेज, बजेट एक लाखाच्या आत. दोन यंत्रं समोर आहेत. एक नवं, १० इंची, टेबलावर ठेवायचं, अर्ध्या एचपीचं. दुसरं बंद पडलेल्या वखारीतलं २४ इंची बिडाचं, त्याला ५ एचपीची थ्री फेज मोटर आहे. पुढेमागे आवारातल्या फणसाचे ओंडकेही चिरावेत असा विचार आहे. कोणतं घ्यावं? पट्टे कोणते ठेवावेत? आणि रोज काम संपल्यावर पट्टा सैल करायलाच हवा का?

उत्तर :

नमस्कार.

आमच्या मते दोन्ही यंत्रं सोडा. तुमच्या कामाला १४ इंची, स्टील फ्रेमचा, किमान १० इंच चिराईची उंची असलेला आणि दीड ते दोन एचपीची सिंगल फेज मोटर असलेला बँडसॉ हवा. कारणं सविस्तर देतो, कारण दुकानात गेलात की विक्रेता चौथंच यंत्र पुढे करील, आणि तेव्हा काय मोजायचं ते तुमच्या हातात असलं पाहिजे.

बँडसॉमध्ये वर-खाली बसवलेल्या दोन चाकांवरून दातेरी पोलादी पट्टा फिरतो, आणि यंत्राला नाव त्या चाकाच्या व्यासावरून पडतं. या आकड्यावरून पट्टा आणि डावीकडचा खांब यांच्यात किती जागा मिळेल ते कळतं. १४ इंची यंत्रात ती साधारण साडेतेरा इंच असते आणि खुर्चीच्या पायांना ती पुरते. तुमचं काम मात्र अडणार आहे ते दुसऱ्या आकड्यावर, तो म्हणजे चिराईची उंची. वरचं गाइड, म्हणजे पट्ट्याला बाजूंनी आणि मागून आधार देणारा भाग, पूर्ण उचलल्यावर टेबल आणि गाइड यांच्यात जेवढं अंतर राहतं तेवढंच जाड किंवा उभं लाकूड आत जातं. १० इंची यंत्रांत हे अंतर बहुतेक वेळा ४ ते ६ इंच असतं. तुमची ८ इंची फळी उभी केली तर ती आत शिरणारच नाही, त्यामुळे नव्या यंत्राचा विचार इथेच संपतो. बिडाच्या जुन्या घडणीच्या १४ इंची यंत्रांतही उंची ६ इंचच असते. त्यांच्या खांबात मध्ये जोडठोकळा बसवला की ती १२ इंच होते, पण त्यासोबत पट्टाही लांब लागतो. तेव्हा तसं यंत्र समोर आलं तर जोडठोकळा, त्याचे बोल्ट आणि लांब गाइड-दांडा हे तिन्ही एकदम मिळत असतील तरच घ्या.

आता पट्ट्याच्या ताणाविषयी. बँडसॉ घेताना सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त निराशा इथूनच येते.

पट्टा सरळ चालतो तो ताणामुळे. साध्या कार्बन स्टीलच्या पट्ट्याला दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० न्यूटन ताण लागतो, बायमेटलला (ज्याच्या दातांना वेगळं, जास्त कठीण पोलाद जोडलेलं असतं) दीडपट. १३ मिमी रुंद आणि ०.६५ मिमी जाड पट्टा घ्या. दातांमधल्या खोबणीच्या मागे खरी रुंदी उरते १० मिमी, म्हणजे साडेसहा चौरस मिमी. पट्ट्याची एक बाजू वर जाते, एक खाली येते, त्यामुळे वरच्या चाकावर दुप्पट ओढ पडते. हिशेब केला तर कार्बनसाठी सुमारे १३५ किलो आणि बायमेटलसाठी २०० किलो. १९ मिमीचा ०.८ जाड बायमेटल पट्टा लावायचा तर हाच आकडा पावणेचारशे किलोंच्या घरात जातो. कॅटलॉगमध्ये ‘पट्टा १९ मिमीपर्यंत’ असं छापलेलं असतं. तो पट्टा चाकावर बसेल, यात शंका नाही. पण १४ इंची सांगाडा तेवढ्या ओढीने वाकतो, ताणाची स्प्रिंग पूर्ण दबून जाते आणि पट्टा अर्ध्याच ताणावर फिरत राहतो. मग ८ इंची फळी चिरताना वर-खाली रेषेवर कापलेलं दिसतं आणि मध्ये पोट सुटलेलं असतं. म्हणून १४ इंचीवर १३ मिमी हीच वरची मर्यादा माना. नीट ताणलेला १३ मिमीचा पट्टा ढिल्या १९ मिमीपेक्षा सरळ चिरतो.

यंत्रावरची ताणाची पट्टी नुसती अंदाजाची असते. खरा ताण मोजायचा सोपा मार्ग असा : प्लग काढा, दारं उघडा. पट्टा हलका ताणा, लोंबणार नाही इतकाच. ४०० मिमी लांबीची सरळ काठी घेऊन तिचं वरचं टोक छोट्या क्लॅम्पने पट्ट्याला घट्ट बांधा. दुसरा क्लॅम्प फक्त पट्ट्याला, काठीच्या खालच्या टोकाला जेमतेम टेकेल असा लावा. आता ताण वाढवत जा. पट्टा लांबतो, काठी लांबत नाही, त्यामुळे खाली फट पडते. तिथे ०.२ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज गेली की कार्बन पट्ट्याचा ताण पुरेसा झाला. बायमेटलला ०.३ मिमी. एकदा मोजलंत की त्या ठिकाणी स्क्रूवर खूण करून ठेवा. क्लॅम्प आणि काठी काढल्याशिवाय हाताने चाक फिरवू नका.

सांगाडा एवढा ताण सोसतो का, हे खरेदीच्या वेळीही तपासता येतं. पट्टा ढिला असताना टेबलावर गुण्या ठेवून पट्ट्याची मागची कड काटकोनात आहे का ते पाहा आणि टेबल जुळवून घ्या. मग पूर्ण ताण द्या आणि पुन्हा गुण्या लावा. कड स्पष्टपणे झुकलेली दिसली तर सांगाडा वाकतोय असं समजा. असं यंत्र पातळ पट्ट्यावर वळणं कापेल, फळ्या चिरणार नाही.

चाकाचा व्यास आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. पट्टा प्रत्येक फेरीत दोनदा वाकतो. जुना ठोकताळा सांगतो की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असावी. १४ इंच म्हणजे ३५६ मिमी, म्हणजे ०.३६ मिमी. बाजारात मिळतो ०.५ किंवा ०.६५. पावणेदोन पट जाड असला तरी तो चालतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. १४ इंचीचा पट्टा साधारण २,३७५ मिमी लांब असतो आणि मिनिटाला ९०० मीटर वेगाने पळतो. म्हणजे सेकंदाला सव्वासहा फेऱ्या, साडेबारा वाकणं, तासाला पंचेचाळीस हजार. दाताच्या खोबणीच्या तळाशी बारीक चीर पडते ती या थकव्याने. ०.५ मिमी जाडीचा मिळाला तर तोच घ्या. १० इंची यंत्रात हाच त्रास आणखी लवकर येतो.

आता वखारीतल्या २४ इंचीकडे. खरं सांगायचं तर चिराईचं यंत्र म्हणून ते उत्तम असणार. जड बीड थरथरत नाही, मोठं चाक पट्टा फारसा वाकवत नाही. अडचण विजेची, जागेची आणि परवान्याची आहे.

वीज पाहू. ५ एचपीची थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी (मोटरला जाणाऱ्या विजेची वारंवारता बदलून वेग सांभाळणारं उपकरण) लावता येईल असं कुणी सांगेल. इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरमधली वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). त्यांची सहाही टोकं बाहेर काढलेली असतील तर डेल्टात जोडून २४० व्होल्टवर चालवता येतात, आणि सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणाऱ्या साध्या व्हीएफडीला तेवढंच व्होल्टेज देता येतं. ५ एचपीची मोटर मुळातच ४१५ व्होल्ट डेल्टाची असते, ती या मार्गाने पूर्ण ताकदीने चालणार नाही. मोटर बदलून ३ एचपीची सिंगल फेज लावायची म्हटलं तर वेगळंच संकट. २४ इंची बिडाची चाकं इतकी जड की वेग घ्यायला कित्येक सेकंद लागतात. तेवढा वेळ मोटरचं स्टार्टिंग वाइंडिंग आणि कपॅसिटर तापत राहतात आणि काही महिन्यांत जळतात. ३ एचपीची स्टारमधली मोटर, डेल्टात बदललेली, आणि व्हीएफडीवर दहा-बारा सेकंदांत हळू वेग देणं हा एकच तांत्रिकदृष्ट्या बरोबर उपाय आहे. पण त्याला इनपुटला २० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणजे महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. हे सगळं करून यंत्र १५ बाय २०च्या शेडमध्ये पायावर कायमचं बसवायचं. ८ फुटी फळी चिरायला पट्ट्याच्या पुढे ८ आणि मागे ८ फूट जागा लागते. २० फुटांच्या शेडमध्ये ती फक्त एकाच रेषेत मिळेल, आणि अवजड यंत्र एकदा चुकीच्या रेषेत बसलं की हलत नाही. १४ इंचीला चाकं लावून ते दाराच्या रेषेत ओढता येतं, लांब फळी दारातून बाहेर काढता येते.

पुढे थ्री फेज मिळालं आणि असं जुनं यंत्र घ्यायचा मोह झालाच तर तपासणी अशी करा. पट्टा काढून दोन्ही चाकं हाताने फिरवा. खडखड किंवा अडखळ असेल तर बेअरिंग गेलंय. ते फार मोठं दुखणं नाही, क्रमांक वाचून नवं घालता येतं. चाकाच्या प्रत्येक आरीवर लाकडी हातोडीने हलकेच ठोका. निकोप बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. आरीवर किंवा कडेवर वेल्डिंगचा जरा जरी माग दिसला तर ते चाक फुकटातही घेऊ नका, कारण फिरत्या बिडाच्या चाकाचा सांधा सुटला तर समोरच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. मग वरचं चाक ज्या घसरपट्टीवर वर-खाली होतं तिथली झीज पाहा. चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवलं आणि टकटक जाणवली तर पट्टा चालताना मागे-पुढे नाचणार. ताणाच्या स्क्रूचे आटे खाल्लेले आहेत का पाहा. आणि शेवटी चाकाची कड न्याहाळा. वखारीच्या रुंद पट्ट्यांच्या यंत्रांत ती बऱ्याचदा सपाट असते, दात कडेच्या बाहेर राहावेत म्हणून. वळणांसाठी लागणारा ६ किंवा १० मिमीचा पट्टा अशा चाकावर एका जागी ठरत नाही. त्याला मधे किंचित उंचवटा असलेलं रबरी आवरणाचं चाक लागतं. तुमचं अर्धं काम वळणांचं आहे, म्हणून एवढ्या एका कारणानेही ते यंत्र तुमच्यासाठी गैरसोयीचं ठरू शकतं.

परवान्याचा मुद्दा मागे ठेवू नका. ओंडके चिरण्याचं काम आरा गिरणीच्या नियमांत येतं आणि १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून या नियमांकडे फार कडकपणे पाहिलं जातं. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी तोडणीची परवानगी आणि वाहतुकीचा पास हे विषय वेगळे उभे राहतात. बयाणा देण्याआधी तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करून विचारा : एवढ्या आकाराचा बँडसॉ, फक्त चिरलेल्या लाकडावर फर्निचरसाठी वापरणार, परवाना किंवा नोंदणी लागते का? उत्तर लेखी घ्या. ओंडके मात्र परवानाधारक गिरणीतूनच दोन-अडीच इंची फळ्यांमध्ये चिरून आणा. १४ इंची यंत्राचं टेबल आणि सांगाडा ओल्या ओंडक्याच्या वजनासाठी केलेलाच नसतो, त्यामुळे यात तुमचं काही बुडत नाही.

मोटर दीड एचपीच्या खाली नको. दीड एचपीवर धारदार पट्ट्याने ८ इंच उभा साग चिरताना फूटभर लांबीला वीस ते तीस सेकंद द्यावे लागतील. घाई केली तर पट्टा मागे ढकलला जातो आणि पोट सुटतं. गावाकडे व्होल्टेज उतरतं त्याचा हिशेबही ठेवा. मोटरचा पीळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३०चे १९० व्होल्ट झाले की उरतो सुमारे ६८ टक्के, म्हणजे दीड एचपीची मोटर एक एचपीसारखी वागते. संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल तर जाड चिराई सकाळी करा. मीटरपासून २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर ओढा, अंतर २० मीटरच्या वर असेल तर ४ चौरस मिमी. १६ अँपिअरचा एमसीबी मोटरसाठी असलेल्या प्रकारचा घ्या, घरगुती दिव्यांचा एमसीबी सुरू करतानाच पडेल. अर्थिंग तपासून घ्या. स्टार्टर असा हवा की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही.

दुकानात यंत्र पाहायला जाताना स्वतःची एक वाळलेली, ६ इंच रुंद सागाची फळी, व्हर्नियर आणि पाच रुपयांचं नाणं बरोबर न्या. यंत्र रिकामं चालू करून टेबलावर नाणं काठावर उभं करा. चांगल्या जुळलेल्या यंत्रावर ते उभं राहतं. पडलं तर चाकाचा तोल, पुली किंवा पट्ट्याचा सांधा यांपैकी काहीतरी चुकलंय, ते शोधायला सांगा. नंतर वरचं गाइड सगळ्यात खाली आणून पट्ट्याशी जुळवा आणि पूर्ण वर उचला. खाली जुळलेलं गाइड वर गेल्यावर पट्ट्याला एका बाजूने दाबू लागलं तर दांडा पट्ट्याला समांतर नाही. दर वेळी उंची बदलली की गाइड पुन्हा जुळवत बसावं लागेल. काही यंत्रांत हे दुरुस्त करायला बोल्ट असतात, काहींत नसतात. विचारून घ्या. शेवटी आपल्या फळीतून तीन मिमीचा पापुद्रा कापा आणि चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. अर्ध्या मिमीच्या आत फरक असेल तर यंत्र घ्यायला हरकत नाही.

टेबल बिडाचंच घ्या. अॅल्युमिनियमचं टेबल पट्ट्याशेजारी लवकर झिजतं. गाइड बेअरिंगची असोत की ठोकळ्यांची, दोन्ही चांगली चालतात. कोकणात फणसाचा चीक आणि दमट भुसा बेअरिंगवर गोंदासारखा बसतो, म्हणून बेअरिंग असतील तर दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली हवीत.

बजेटविषयी एकच सांगतो. लाखातले पंधरा-वीस हजार यंत्रावर खर्च करू नका. ते पट्टे, वायरिंग आणि भुशाच्या पाइपसाठी लागतील. सागाचा बारीक भुसा फुप्फुसांना आणि कातडीला त्रास देतो, तेव्हा १०० मिमी तोंडाचा डस्ट कलेक्टर पुढच्या वर्षी का होईना घ्या, आणि तोवर चांगला मास्क.

पट्टे तीन ठेवा. चिराईसाठी १३ मिमी, इंचाला ३ दात, हूक प्रकारचे (पुढे झुकलेले). वळणांसाठी ६ मिमी, इंचाला ६ दात. रोजच्या सरळ-आडव्या कामासाठी १० मिमी, इंचाला ४ दात. दात किती हवेत याचा नियम साधा आहे : लाकडात एका वेळी किमान तीन आणि जास्तीत जास्त चोवीस दात असावेत. ८ इंच फळीत ३ दातांचा पट्टा लावला की बरोबर चोवीस होतात. त्याऐवजी ६ दातांचा लावला तर अठ्ठेचाळीस दात एकदम आत, खोबणी भुशाने भरतात, भुसा बाहेर पडायला वाव राहत नाही, पट्टा तापतो आणि वाकडा पळतो. ‘बारीक दात म्हणजे स्वच्छ काप’ हा टेबल सॉवरचा अनुभव इथे फसवतो.

वळणाचा विचार करताना रुंदी पाहा. ६ मिमीचा पट्टा साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण घेतो, १० मिमीचा ३६ मिमीचं, १३ मिमीचा ६३ मिमीचं. खुर्चीच्या पायाला ३६ मिमीपेक्षा आवळ वळण क्वचितच असतं, त्यामुळे १० मिमीचा पट्टा तुमचा बराच काळ यंत्रावर राहील. जिथे वळण आवळ आहे तिथे आधी बाहेरून रेषेपर्यंत चार-पाच आडवे काप घ्या. मग वळण कापताना तुकडे गळून पडतात आणि पट्टा पिळला जात नाही.

चिराईच्या पट्ट्यासाठी पैसे खर्च करा. सागात निसर्गतःच वाळूची सिलिका असते, ती कार्बन स्टीलची धार फार लवकर खाते. बायमेटल महाग पडतो, पण सागावर कार्बनच्या कित्येक पट टिकतो. वळणांचा ६ मिमीचा पट्टा कार्बनचाच ठेवा, कारण तो बोथट होण्याआधी बहुधा तुटतोच. पट्टे रोलमधून कापून वेल्ड करून देणारं दुकान गाठा. लांबी सांगताना दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करून त्यात व्यासाच्या ३.१४ पट मिळवा. अंतर ६२८ आणि व्यास ३५६ असेल तर १,२५६ अधिक १,११८, म्हणजे २,३७४ मिमी. अंतर मोजताना वरचं चाक सगळ्यात खालून एक तृतीयांश वर घेऊन मोजा, म्हणजे पट्टा चढवायला आणि ताणायला दोन्हीकडे वाव राहतो. सांधा घेताना दुकानातच तपासा. मागची कड सरळ पट्टीवर टेकवली तर सांध्यापाशी पायरी दिसता कामा नये. आणि सांधा वेल्डनंतर पुन्हा तापवून मऊ केलाय का ते विचारा. न केल्यास तो काचेसारखा ठिसूळ राहतो आणि पहिल्या तासाभरात नेमका तिथेच तुटतो.

यंत्र लावताना क्रम चुकवू नका : आधी ताण, मग पट्ट्याची चाकावरची जागा, आणि सगळ्यात शेवटी गाइड. पट्टा ताणल्यावर वरचं चाक हाताने फिरवत चाकाचा कल बदलणारा स्क्रू हळूहळू फिरवा, दातांमधल्या खोबणीचा तळ चाकाच्या उंचवट्यावर येईपर्यंत. बाजूची गाइडं दोन्हीकडे कागदाच्या जाडीइतकी फट ठेवून आणा, साधा कागदच मध्ये घालून जुळवा. गाइडची पुढची कड खोबणीच्या तळापेक्षा मिलिमीटरभर मागे राहू द्या. दात गाइडला घासले तर एका मिनिटात दातांचा सेट (आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दिलेला वाक) मोडतो आणि नवा पट्टा वाया जातो. मागचं बेअरिंग पट्ट्यापासून अर्धा मिमी दूर ठेवा. रिकाम्या चालीत ते फिरता कामा नये, लाकूड रेटलं की फिरायला लागावं.

फळी फेन्सला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) लावून चिरताना काप फेन्सपासून दूर किंवा फेन्सकडे सरकू लागला तर लोक लगेच फेन्स तिरकी करतात. त्याआधी पट्टा चाकावर किंचित पुढे-मागे घेऊन पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने काप सरळ येतो. नाहीच आला तर दात एका बाजूने बोथट झालेत, बहुधा जुन्या लाकडातला खिळा लागला असेल. चिराईसाठी फेन्सला ६ इंच उंच सरळ प्लायचा तुकडा जोडा, नाहीतर उभी फळी वरून डुलते.

२५ मिमीला रंधलेल्या फळीचे दोन भाग केले तर बँडसॉचा काप सुमारे सव्वा मिमी खातो, म्हणजे प्रत्येकी पावणेबारा-बारा मिमी हातात येतात आणि रंधून १० मिमीच्या दोन फळ्या मिळतात. टेबल सॉचं ब्लेड ३ मिमी खातं आणि ८ इंच उंचीला दोन्ही बाजूंनी फिरवूनही पोचत नाही. चिरलेल्या फळ्या लगेच रंधू नका. आतला ओलावा उघडा पडल्याने त्या वाकतात. मध्ये सारख्या जाडीच्या चिपा घालून, वर वजन ठेवून आठवडाभर राहू द्या आणि मग शेवटच्या मापाला आणा.

हाताच्या सुरक्षेबद्दल : वरचं गाइड लाकडाच्या पाच-सहा मिमी वरच ठेवा. शेवटचे ४ इंच ढकलकाठीने ढकला. गोल काठी किंवा फांदी तशीच पट्ट्यावर नेऊ नका. पट्ट्याचा जोर खाली असतो, तो गोल लाकूड जागच्या जागी गरकन फिरवतो आणि बोटं आत ओढतो. व्ही आकाराच्या खाचेत बसवून स्क्रूने पक्कं केल्याशिवाय गोल लाकूड कापू नका. आणि पट्टा तुटला, धाड असा आवाज आला, तर दार उघडायची घाई करू नका. स्विच बंद करून चाकं पूर्ण थांबेपर्यंत दूर उभे राहा.

तुमचा शेवटचा प्रश्न, रोज पट्टा सैल करावा का. संध्याकाळी काम संपवून सकाळी पुन्हा सुरू करणार असाल तर नाही केला तरी चालेल. दोन दिवसांहून जास्त सुट्टी असेल तर सैल करा. ताणात उभ्या पट्ट्याखाली चाकाच्या रबरावर चपटा खड्डा पडतो आणि मग यंत्र दर फेरीला धडधडतं. सैल केल्यावर स्टार्टरवर ‘पट्टा सैल’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर दुसरा माणूस तसाच चालू करील आणि पट्टा चाकावरून उतरेल. पावसाळ्यात मात्र पट्टा सुट्टीला काढूनच ठेवा, दात आणि पाठ दोन्ही शिवणयंत्राच्या तेलाच्या चिंधीने पुसून, तीन वेढ्यांत गुंडाळून, भिंतीपासून दूर टांगून. टेबलाला मेणाचा हात द्या. गंज पहिल्यांदा दाताच्या टोकावर धरतो आणि धार तिथेच असते.